बुडालेली जमीन शोधताना सुरुवातीला एवढं सांभाळा

आजचा समुद्रतळ म्हणजे जुनी जमीन नव्हे. दोन्ही एकच समजणं, ही नवख्यांची पहिली चूक. उत्तर समुद्रात डॉगरलँडच्या (हिमयुगानंतर बुडालेल्या भूभागाच्या) नदीपात्रांवर नंतरची वाळू साचलीय, कुठे जुना थर खरवडूनही गेलाय. म्हणून आधी सब-बॉटम प्रोफाइलरच्या (ध्वनिलहरींनी तळाखालचे थर दाखवणाऱ्या यंत्राच्या) रेषा वाचायला शिका. तळाच्या दुप्पट खोलीवर तळासारखीच रेषा दिसली, तर तो थर नाही, प्रतिध्वनी आहे. चित्र मध्येच धूसर झालं तर बहुधा गाळातला वायू. खाली पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) असू शकतं, आणि पीट म्हणजे आपलं घबाडच!

- व्हायब्रोकोरच्या (कंपनाने नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांच्या) जागा पक्क्या होण्याआधीच त्या ठरवणाऱ्या अभियंत्यांशी बोला; दोन-तीन नमुने जुन्या पात्राच्या काठावर मागून घ्या.
- काळा, तंतुमय थर दिसला की लगेच गुंडाळून थंड जागी ठेवा. बुरशी चढली की कार्बन-१४ वय चुकतं.
- वयासाठी बिया, डहाळ्या निवडा. शिंपल्यांत समुद्रातला जुना कार्बन असतो. वय शेकडो वर्षांनी जास्त दिसतं.

परागकण, समुद्रपातळीचे आलेख नंतर बघू.