रशियन भाषेत पैसे खर्च करण्याबद्दल कोणते वाक्प्रचार आहेत आणि इंग्रजीत त्यांना काय म्हणतात?

परीक्षेसाठी 'डावीकडे रशियन, उजवीकडे इंग्रजी' असा तक्ता हवा, असं तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात लिहिलंय. तक्ता देत नाही. तसले तक्ते ढिगाने मिळतात आणि तेच पाठ करून आलेली मंडळी पेपरात चुका करून येतात. उपयोगाचं तेवढं सांगतो. उच्चार देवनागरीत, साधारण कानाला येतात तसे दिले आहेत. शेवटी पाय मोडलेला 'त्' दिसला की तो मऊ समजा, त आणि च यांच्या अधलामधला.

'त्रातित्' म्हणजे खर्च करणे आणि खर्च करून मोकळं झालं की 'पत्रातित्', हे तुम्हाला येत असणारच. गडबड पुढे होते. 'त्रातित् ना येदू' म्हणजे जेवणाखाण्यावर खर्च करणे. 'एकनोमित् ना येदे' म्हणजे जेवणाखाण्यात काटकसर करणे. शब्दयोगी 'ना' दोन्हीकडे तोच, पण खर्चाला द्वितीया आणि काटकसरीला रशियनची सहावी विभक्ती, आपल्या सप्तमीच्या वळणाची. इंग्रजीत 'स्पेंड ऑन' आणि 'सेव्ह ऑन' दोन्हीकडे 'ऑन'च, त्यामुळे इंग्रजीतून विचार करणाऱ्याला चूक ऐकूच येत नाही. आणि 'पत्रातित् झा' असं काही नसतं. 'झा' लागतो तो पैसे चुकते करताना किंवा अमुक किमतीला वस्तू घेताना.

उपसर्ग बदलला की प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. 'इस्त्रातित्' म्हणजे होतं नव्हतं ते संपवणे. 'रस्त्रातित्' म्हणजे उधळून टाकणे, पण पैसे दुसऱ्याचे असतील तर सरळ अपहार. रशियन फौजदारी संहितेच्या कलम १६० मध्ये 'रस्त्राता' हा गुन्हाच आहे, इंग्रजीत 'एम्बेझलमेंट'. कंपनीच्या पैशातून तिकीट काढलं हे सांगताना 'पत्रातिल' म्हणा. 'रस्त्रातिल' म्हणालात तर तो कबुलीजबाब झाला.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो ते दोन: 'ब्रसात् देंगी ना व्येतेर' आणि 'सरीत् देंगामी'. तक्त्यांत दोन्हींसमोर 'पैसे उधळणे' असं ठोकलेलं असतं. पहिल्याचा शब्दशः अर्थ पैसे वाऱ्यावर फेकणे. यात खर्च फुकट गेला एवढंच सांगितलंय. माणूस चिक्कू असला तरी चालतं. घासाघीस करून जुनी मोटार घेतली आणि ती आठवड्यात बंद पडली, तरी पैसे 'ना व्येतेर'. मराठीत आपण म्हणतो पैसे पाण्यात गेले, इंग्रजीत 'मनी डाउन द ड्रेन' किंवा 'थ्रो मनी अवे'. 'सरीत्' म्हणजे मात्र कचरा करणे, सांडत जाणे. इथे बोट माणसाच्या ऐटीकडे आहे: चारचौघांत नोटा काढणारा, सगळ्या टेबलांचं बिल भरणारा. पैसा सत्कारणी लागला की नाही हा मुद्दाच नाही. याला इंग्रजीत 'थ्रो मनी अराउंड', ब्रिटिश लोक 'स्प्लॅश मनी अराउंड' म्हणतील. म्हणजे इंग्रजीत सगळा फरक 'अवे' आणि 'अराउंड' या शेपटाच्या शब्दावर उभा आहे, आणि परीक्षक नेमका तिथेच पकडतो. 'थ्रो मनी अ‍ॅट' हे तिसरंच: अडचणीवर विचार न करता नुसता पैसा ओतत राहणे. 'थ्रो गुड मनी आफ्टर बॅड' चौथं: बुडालेले पैसे सोडवायला आणखी घालणे. ही चारही एका ओळीत कोंबलेली दिसली की तक्ता मिटून ठेवा.

विभक्ती बघा. 'ब्रसात्' द्वितीया घेतं, म्हणून 'देंगी'. 'सरीत्' तृतीया घेतं, म्हणून 'देंगामी'. पैशांनी कचरा करणे, अशी मनात मांडणी केली की विसरायला होत नाही. 'श्विर्यात्सा', म्हणजे पैसे भिरकावत सुटणे, हेसुद्धा तृतीयाच घेतं. शिवाय 'ना व्येतेर' पैशांपुरतं नाही. 'ब्रसात् स्लवा ना व्येतेर' म्हणजे तोंडाची वाफ दवडणे, आणि जो तसं करत नाही तो शब्दाचा पक्का.

यापुढचं माझं लाडकं: 'व्लितेत् फ्कपेयेच्कू'. शब्दशः 'छोट्याशा कोपेकमध्ये उडत शिरणे', अर्थ मात्र भरमसाट खर्चात पडणे. वाक्य घ्या: 'रेमोन्त व्लितेल नाम फ्कपेयेच्कू', घराच्या कामाने आमचा खिसा चांगलाच हलका केला. कोपेक हे रशियाचं चिल्लर नाणं. १५३५ मध्ये, लहानग्या इव्हान द टेरिबलच्या वतीने कारभार पाहणाऱ्या त्याच्या आईच्या, येलेना ग्लिन्स्कायाच्या राजवटीत नाण्यांची घडी बसवली तेव्हा नाण्यावर भालाधारी स्वार आला. भाल्याला रशियनमध्ये 'कप्यो', त्यावरून हे नाव. १७०४ मध्ये झार पीटरने शंभर कोपेकचा रुबल पक्का केला. तर रुबलचा शंभरावा भाग, त्याचंही लाडाचं रूप, आणि बोलायचं आहे डोळे पांढरे करणाऱ्या रकमेबद्दल. सगळा उपरोध यातच आहे. इंग्रजी 'कॉस्ट अ प्रेटी पेनी'त तोच उपरोध आहे, म्हणून ही जोडी चपखल. फक्त ती जुनी झाली आहे. आज बोलताना 'कॉस्ट अ फॉर्च्युन' किंवा 'कॉस्ट अ‍ॅन आर्म अँड अ लेग' जास्त ऐकू येतं.

वापरताना चुका कुठे होतात? कर्ता नेहमी वस्तू किंवा प्रसंग असतो, माणूस नाही. 'मी कोपेकमध्ये उडालो' असं रशियन माणूस म्हणत नाही. ज्याचा खिसा कापला जातो तो चतुर्थीत: 'म्न्ये' म्हणजे मला, 'नाम' म्हणजे आम्हाला. क्रियापद वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं: 'रेमोन्त व्लितेल', लग्न म्हणजे 'स्वाद्बा व्लितेला', उपचार म्हणजे 'लिचेनिये व्लितेला'. शेवटची दोन कानाला सारखीच लागतात, पण लिहिताना स्त्रीलिंगीला 'आ' आणि नपुंसकाला 'ओ'. श्रुतलेखनात इथे हमखास गुण जातात. आणि नेमका आकडा सांगायचा असेल तर 'कपेयेच्कू' गाळा. ती आणि रक्कम एकत्र नांदत नाहीत. आकड्यासाठी 'अबश्योल्सा नाम फ' आणि पुढे रक्कम, इंग्रजीत 'सेट अस बॅक' आणि पुढे रक्कम.

आता मराठी बघा: 'घराचं काम आम्हाला महागात पडलं.' कर्ता काम, भरणारे चतुर्थीत, क्रियापद कामाच्या लिंगाने. रशियन वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा. हाच माझा रशियन शिकवणाऱ्या काही मंडळींशी जुना वाद आहे. त्यांचं म्हणणं, शब्दकोश रशियन-इंग्रजी आहे, तर विचारही इंग्रजीतून करा, मराठी मध्ये आणू नका. मला हे साफ चूक वाटतं. आपल्याकडे विभक्त्या आहेत, तीन लिंगं आहेत, 'मला आवडतं' पद्धतीची वाक्यरचना आहे. हे सगळं बाजूला ठेवून, ज्या भाषेत यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही तिच्यातून रशियन गाठायचं कशासाठी?

'पा अद्योश्के प्रत्यागिवाय नोश्की' ही म्हण घ्या. अंगावरच्या कपड्याच्या बेताने पाय ताण. अंथरूण पाहून पाय पसरावे! अंथरुणाच्या जागी कपडा, एवढाच फरक. इंग्रजी जोडी आहे 'कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ', अर्थाने बरोबर, पण त्यात पाय नाहीत, आहे तो शिंपी. इंग्रजीतून पाठ केलेला विद्यार्थी उलट भाषांतर करताना कोट आणि कापडाचे रशियन शब्द शोधत बसतो. मराठीतून आलेल्याला 'अद्योश्के–नोश्की' हे यमक तेवढं लक्षात ठेवावं लागतं.

तसंच 'अव्चीन्का वीदेल्की ने स्तोइत': मेंढीच्या कातड्याची किंमत ती कमावण्याच्या खर्चाइतकीही नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इंग्रजीत 'नॉट वर्थ द कँडल' चालेल. पण ही कोंबडी काही जण 'स्कुपोय प्लातित द्वाझ्दी'समोर बसवतात, ते चूक. त्याचा अर्थ कंजूष माणूस दोनदा पैसे भरतो: स्वस्तातलं घेतलं, मोडलं, पुन्हा घ्यावं लागलं. याला इंग्रजीत 'बाय चीप, बाय ट्वाइस' नेमकं बसतं. 'पेनी वाइज, पाउंड फूलिश' जवळचं, पण जरा सैल.

उपसर्ग 'प्र' मात्र पाठच करा, कारण तो एकदा कळला की पाच क्रियापदं फुकटात मिळतात. 'पीत्' म्हणजे पिणे, 'प्रपीत्' म्हणजे पिण्यात घालवणे. 'इग्रात्' खेळणे, 'प्रइग्रात्' जुगारात घालवणे. 'कुतीत्' मौजमजा करणे, 'प्रकुतीत्' त्यात उडवणे. 'प्रयेस्त्' म्हणजे खाऊन संपवणे, 'प्रमतात्' म्हणजे फुंकून टाकणे, बहुधा बापजाद्यांची इस्टेट. कर्म म्हणून गेलेली वस्तू येते: 'प्रपील दोम', दारूपायी घर घालवलं. इंग्रजीत 'अवे' हेच काम करतं: 'ड्रिंक अवे', 'गॅम्बल अवे'. दोन खड्डे आहेत. 'प्रइग्रात्'चा रोजचा अर्थ सामना हरणे, आणि 'प्रस्पात्' म्हणजे उशिरापर्यंत झोपून राहणे, त्यात पैसे जात नाहीत.

बाकीचे भराभर. 'रस्कशेलित्सा' म्हणजे नाइलाजाने खिशात हात घालणे. आत 'कशेल' म्हणजे थैली आहे. इंग्रजीत 'फोर्क आउट' किंवा 'शेल आउट'. 'स्पुस्तीत्' म्हणजे अख्खा पगार उडवणे, इंग्रजीत 'ब्लो'. 'व्बूखत् व रेमोन्त', घराच्या कामात पैसा ओतणे, 'सिंक मनी इन्टू'. 'कतू पत ख्वोस्त', मांजराच्या शेपटीखाली, म्हणजे वाया. हे मित्रांत बोला, कचेरीच्या पत्रात नको. 'ने पा कर्मानू' म्हणजे खिशाला परवडत नाही, इंग्रजीत साधं 'कान्ट अफोर्ड'. 'त्सेनी कुसायुत्सा', किमती चावतात, इंग्रजीत 'स्टीप'. 'मिन्या झाबा दूशित', मला बेडूक गळा दाबतोय, म्हणजे पैसे सोडवत नाहीत. याला इंग्रजीत ठरीव जोडी नाही. 'आय कान्ट ब्रिंग मायसेल्फ टू पे दॅट' असं फोडूनच सांगावं लागतं. संदर्भ पाहून घ्या, हाच बेडूक मत्सरालाही चालतो.

आता उशिरा का होईना, मराठीचे खड्डेही सांगायला हवेत. 'पुस्कात् पिल् व ग्लझा' म्हणजे डोळ्यांत धूळ सोडणे. मराठी माणूस लगेच म्हणणार, फसवणे. रशियनमध्ये ते प्रामुख्याने बडेजाव मिरवण्यासाठी आहे: उसन्या गाडीतून लग्नाला जाणे, बडा घर पोकळ वासा. इंग्रजी 'थ्रो डस्ट इन समवन्स आइज' सुद्धा फसवण्याकडेच जातं, म्हणून इथे 'शो ऑफ' घ्या. 'ना व्येतेर' ऐकून आपलं 'वाऱ्यावर सोडणे' आठवलं तरी गोंधळ होईल, कारण ते बेवारस टाकण्याबद्दल आहे. आणि 'कपेय्का रूबल् बेरेझ्योत'साठी थेंबे थेंबे तळे साचे चालतं, पण रशियन म्हणीत कोपेक रुबलची राखण करतो, साचण्याचा विषय नाही. तिथे इंग्रजी 'टेक केअर ऑफ द पेन्स अँड द पाउंड्स विल टेक केअर ऑफ देमसेल्व्ह्ज' मराठीपेक्षा जवळ आहे, हे मान्य. ज्यांचं शिक्षण पहिल्यापासून इंग्रजीत झालंय त्यांना माझी पद्धत जड जाईल, त्यांनी सरळ इंग्रजीतून जावं.

बिल देण्याचं राहिलं. 'या उगश्शायू' म्हणजे आज माझ्याकडून, इंग्रजीत 'माय ट्रीट'. वर्गणी काढणे 'स्कीनुत्सा', म्हणजे 'चिप इन'. आपापलं भरायचं तर 'काझ्दी प्लातित झा सिब्या', म्हणजे 'गो डच'. 'झा मोय श्शोत' म्हणजे माझ्या खर्चाने, 'ऑन मी'. पण कचेरीत कोणी 'ओत्पुस्क झा स्वोय श्शोत' म्हणालं, तर तो स्वखर्चाने सहलीला निघालेला नाही. ती बिनपगारी रजा, इंग्रजीत 'अनपेड लीव्ह'.