कंटेनरच्या घरात खरंच राहता येतं का? उन्हाळ्यात भट्टी होते म्हणतात, ते खरं का? (माणगावकडे ११ गुंठे जागा, माणसं दोनच, बजेट सहा लाख)

होते. पहिल्या एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता बाहेर ३८ आणि आत ४६ होतं, मी स्वतः थर्मामीटर टांगून बघितलं. त्याच कंटेनरमध्ये आता एप्रिलच्या दुपारी ३५-३६ असतं, एसी नसताना. मधल्या काळात काय काय निस्तरलं, तेच सांगतो.

उरणला एका सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर ठेवायच्या गोदामात) अकरा वर्षं नोकरी केली. दिवसभर डबे मोजायचो. (आमच्याकडे कंटेनरला डबाच म्हणायचे, म्हणून इथेही तसंच लिहितोय.) बायको झेडपीच्या शाळेत शिकवते, तिची बदली सुधागड तालुक्यात झाली. तिथे आजोबांची थोडी जमीन होती, पण भाड्याने धड घर काही मिळेना. २०२२च्या दिवाळीनंतर कामाला लागलो आणि होळीच्या आत राहायला गेलो. विटांचं घर एवढ्यात उभं राहिलं नसतं. वेळ वाचतो, हे मात्र शंभर टक्के खरं.

पैसे वाचतात का? दोन जुने वीस फुटी डबे अडीच लाखांच्या आसपास पडले. सगळं उरकेपर्यंत आकडा साडेनऊवर गेला. डब्याची किंमत हा यातला छोटा भाग असतो. पफ (उष्णता अडवणारा फोम), खिडक्या, वरचं छप्पर, शोषखड्डा, वायरिंग, हायड्राचं (क्रेनचं) भाडं, ट्रेलरचं भाडं, खर्च इथे होतो. तुमच्या सहा लाखांत एक डबा नीट होईल, दोन नाही.

मला आधी चाळीस फुटी हवा होता. ट्रेलरवाला रस्ता बघायला आला, गावातल्या देवळापाशी वळणावर उभा राहिला, विडी पेटवली आणि म्हणाला, "साहेब, डबा आत नेईन. पण मी बाहेर कसा येऊ?" म्हणून दोन वीस फुटी. आणि ते किती बरं झालं, हे पुढे कळलं.

वीस फुटी डबा आतून जेमतेम १५० चौरस फूट. रुंदी पावणेआठ फुटांच्या आत, त्यातून दोन्ही बाजूंचं पफ आणि बोर्ड वजा करा, सव्वासात उरते. पाच फुटांचा पलंग टाकला की बाजूने आडवं चालायचं. उंची आत पावणेआठच्या थोडी वर, छताचं अस्तर लागल्यावर सव्वासात. सिलिंग फॅन विसरा. अंगातून शर्ट काढताना हात पात्यात जाईल. आमच्याकडे भिंतीवरचे पंखे आहेत. हायक्यूब, म्हणजे जास्त उंचीचा डबा, मिळाला तर एक फूट जास्त मिळतो, पण ते बहुतेक चाळीस फुटीच असतात.

म्हणून आम्ही दोन डबे दहा फूट अंतर सोडून समोरासमोर ठेवले आणि दोघांवर मिळून एकच पत्र्याचं छप्पर टाकलं, डब्यांच्या छतापासून दोन फूट उंच, चारी बाजूंनी तीन-तीन फूट बाहेर काढलेलं. एका डब्यात झोपायचं, दुसऱ्यात स्वयंपाक आणि मोरी-संडास. मधल्या दहा फुटांत शहाबादी टाकली. जेवण तिथे, पाहुणे तिथे, वह्या तपासणं तिथे, माझी दुपारची झोपही तिथेच. आई पहिल्यांदा आली तेव्हा डब्यात डोकावून म्हणाली, "यापेक्षा गोठा बरा, निदान वारा तरी येतो." आता महिना-महिना राहते, पण डब्यात फक्त रात्री शिरते. खरं घर म्हणजे ती मधली पडवीच. डबे तिच्या दोन बाजूंच्या खोल्या.

त्या वरच्या छपराने जेवढं ऊन अडवलं तेवढं कशानेच नाही. पोलाद उन्हात तापतं आणि आत उष्णता सोडत बसतं, तेव्हा आतून कितीही अस्तर लावा, आधी त्याच्यावर ऊन पडू द्यायचं नाही. दोन फुटांच्या फटीतून वारा वाहतो. पावसाचाही प्रश्न मिटला. आमच्या रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. डब्याचं छत सपाट, कुठे ना कुठे पोचा असतोच, तिथे पाणी साचतं आणि गंज धरतो. आवाजही खूप कमी झाला.

आता माझा गाढवपणा. पैसे वाचवायला आतून थर्मोकोल खोचून वर प्लाय ठोकला. डब्याची भिंत नालीदार असते, थर्मोकोल सपाट, मागे पोकळ्या राहिल्या. पहिल्या थंडीत जानेवारीच्या सकाळी प्लायच्या खालून पाण्याचे ओघळ. मला वाटलं छत गळतंय, दोन दिवस वर चढून शोधत बसलो. गळत काहीच नव्हतं. रात्री पत्रा गार पडायचा आणि आमचा श्वास, चहाची वाफ, ओले टॉवेल सगळं त्या पोकळ्यांत जाऊन पत्र्यावर जमायचं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जमतं तसं. कपाटामागे बुरशी, बायकोच्या दोन पैठण्या गेल्या (तो विषय आमच्याकडे अजून संपलेला नाही). सगळं उचकटून पत्र्याला चिकटून बसणारा पफचा फवारा मारून घेतला. पोकळीच नाही, मग हवा पत्र्यापर्यंत पोचत नाही. हे पहिल्यांदाच करा. आणि समोरासमोर खिडक्या ठेवा.

खिडक्या कापतानाही एक घोळ झाला. डब्याची सगळी ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत. बंदरात भरलेले डबे एकावर एक चढवतात ते या खांबांच्या जिवावर. भिंत दीड-दोन मिलिमीटरची, पण तिच्या नाल्यांमुळे सांगाडा ताठ राहतो. आमच्या फॅब्रिकेटरने पडवीच्या बाजूला आठ फुटांचा गाळा कापला आणि चौकटीचा चौकोनी पाइप "उद्या लावतो" म्हणून गेला. उद्या आला पाचव्या दिवशी. तोवर वरची कड अर्धा इंच बसली होती, सरकता दरवाजा आजही शेवटच्या विताला अडतो. आधी चौकट वेल्ड करून घ्या, मगच कापायला सांगा. पाण्याची टाकी छतावर ठेवू नका, तिला वेगळा स्टँड. छतावर माती टाकून बाग करायची कल्पना इंटरनेटवर फार गोड दिसते, ती तिथेच राहू द्या.

डबा घेताना आत जाऊन दारं बंद करून घ्या आणि दोन मिनिटं उभे राहा. कुठून उजेड येतो का बघा, नाक लावून वास घ्या. बाहेर मात्र भरवशाचा माणूस हवा, कारण ती दारं आतून उघडत नाहीत. राहायला जाण्याआधी बाहेरचे लोखंडी दांडे काढून टाकायचे ते यासाठीच. तळाचा प्लाय २८ मिलिमीटरचा असतो आणि त्याला कीडनाशक पाजलेलं असतं. बहुतेक डब्यांच्या दारावरच्या पाटीवर कोणतं, ते लिहिलेलं असतं. आमच्या एका डब्यात उन्हं चढली की औषधी वास यायचा. प्लायवर इपॉक्सीचे दोन हात मारून वर सिमेंट बोर्ड टाकला, तेव्हा गेला. आधी रसायनं वाहिलेला डबा फुकट मिळाला तरी नको.

डबा जमिनीवर टेकवू नका. चार कोपऱ्यांखाली दीड फुटाचे आरसीसी पेडेस्टल पुरतात, खालून हवा खेळते. दर मेमध्ये मी टॉर्च घेऊन खाली सरपटतो, गंज घासतो, प्रायमर मारतो. मागच्या वर्षी तिथे एक धामण भेटली, दोघांनीही घाईने काम आटोपलं. अर्थिंगवर एक रुपया वाचवू नका. लोखंडाच्या पेटीत राहताय, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. मोबाइलची रेंज आत मरते. आमचे फोन खिडकीत वाळत घातल्यासारखे असतात.

परवानगीचं थोडक्यात. "पाया नाही, म्हणजे परवानगी लागत नाही" हा विकणाऱ्यांचा लाडका डायलॉग आहे. राहायला लागलात की ते घर. शेतजमिनीवर खातेदाराला शेतघराची मुभा जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम ४१ खाली आहे, पण अटींसकट. तलाठी आणि ग्रामपंचायत आधी गाठा. आम्ही घरपट्टी भरतो, पावती जपून ठेवतो.

तुम्हाला घाई नसेल आणि गावात चांगला गवंडी असेल, तर सहा लाखांत जांभ्या दगडाच्या दोन खोल्या आणि पडवी बांधा, असं मी म्हणेन. वर्ष-दोन वर्षांत जागा बदलायची शक्यता असेल, किंवा आमच्यासारखी नड असेल, तर एक वीस फुटी घ्या आणि उरलेले पैसे छपरात घाला. आधी टेप घेऊन तुमच्या रस्त्याचं शेवटचं वळण मोजा, वरच्या विजेच्या तारा किती उंच आहेत ते बघा आणि जागेच्या पश्चिमेला झाडं आहेत का ते कळवा. मग डबा कसा ठेवायचा ते सांगतो.