पाळकच घसरले, आता माझ्या विश्वासाचं काय?

"ज्यांनी मला प्रभूची ओळख करून दिली, तेच असे निघाले. मग माझ्या विश्वासात खरं काय उरलं?" हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की, पहिल्या दोन वाक्यांतच तो कुठे निघाला आहे हे मला कळतं. कुणी मंडळी (चर्च) बदललेली असते, कुणी उपासनेला जाणंच सोडलेलं असतं. कुणी जातात, पण प्रभुभोजनाच्या वेळी जागेवरून उठत नाहीत. या सगळ्यांसाठी एका गृहस्थांची हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ते आपल्या मंडळीत पंच, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी एक होते. तरुणपणी पाळकांनीच त्यांना दारूतून बाहेर काढलं होतं. बाप्तिस्मा त्यांच्याच हातून झाला, लग्नही त्यांनीच लावलं. त्याच पाळकांनी, प्रार्थनेसाठी आणि सल्ल्यासाठी येणाऱ्या एका तरुणीशी शरीरसंबंध ठेवल्याचं उघड झालं. पाळकांनी ते नाकारलं नाही. उपासनेत उभं राहून त्यांनी दावीद राजाच्या पश्चात्तापाचं एक्कावन्नावं स्तोत्र वाचलं, ते रडले, आणि आठवडाभरात 'त्यांना पुन्हा सेवेत घ्यावं' अशा अर्जावर सह्या सुरू झाल्या. या गृहस्थांची सही तेवढी राहिली होती. रात्री झोप नव्हती, बायकोशी बोलणं तुटलं होतं.

"पाळकांचा राग येतो?" मी विचारलं.

"राग कसला मॅडम. सगळ्यांनी पाप केलं आहे. आपण कोण दोष देणार?"

उत्तर फार पटकन आलं. रागाला जागाच न देता आलेली क्षमा मला नेहमी थांबायला लावते, कारण तिच्या तळाशी बहुतेकदा भीती असते. जेनिफर फ्रीड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकात मांडलेला विचार मला माझ्या कामात फार उपयोगी पडला आहे: ज्याच्यावर आपली सगळी भिस्त असते त्यानेच दगा दिला, तर मन तो दगा पाहायचंच टाळतं, कारण पाहिला तर आधारही जातो. या गृहस्थांचा आधार म्हणजे त्यांचं दारूमुक्त आयुष्य, त्यांचं घर, त्यांचा देव. हे सगळं त्यांनी एका माणसाला बांधलेलं होतं.

काही भेटींनंतर खरी धास्ती बाहेर आली. "त्यांच्या हातचा बाप्तिस्मा. तो तरी देवाने मानला असेल का?"

ही भीती मंडळीइतकीच जुनी आहे. रोमन साम्राज्यातल्या छळाच्या काळात ज्यांनी पवित्र पुस्तकं अधिकाऱ्यांच्या हाती दिली, त्यांच्या हातून झालेले विधी व्यर्थ, असं उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटसच्या अनुयायांचं म्हणणं होतं. ३१४ मध्ये आर्ल इथे भरलेल्या धर्मसभेने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. पुढे ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मचिंतकाने उत्तर दिलं की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नव्हे. इंग्लंडमधल्या अँग्लिकन मंडळीच्या श्रद्धेच्या ३९ कलमांपैकी २६वं कलम हेच सांगतं: सेवकाच्या दुष्टपणाने ख्रिस्ताने नेमलेल्या विधीचा परिणाम नाहीसा होत नाही.

ते ऐकताना त्यांचे खांदे सैल झाले. मग म्हणाले, "म्हणजे सही करायला हरकत नाही?"

"त्या कलमाचा दुसरा भाग राहिला," मी म्हणाले. "दुष्ट सेवकांची चौकशी व्हावी आणि दोषी ठरले तर त्यांना पदावरून काढावं, असंही तिथेच लिहिलं आहे."

पुढच्या भेटीत ते अर्जाची प्रत घेऊन आले. मी ती वाचली. पाळकांची वर्षानुवर्षांची सेवा, त्यांचे अश्रू, त्यांच्या पत्नीचे हाल, मंडळीची बदनामी, सगळं होतं.

"यात ती मुलगी कुठे आहे?" मी विचारलं.

ते कागदाकडे बघत राहिले.

"आणि आपण इतक्या वेळा भेटलो, तिचं नाव तुम्ही एकदाही घेतलं नाहीत."

बराच वेळ गेला. मग त्यांनी नाव घेतलं. संडे स्कूलमध्ये ती त्यांच्याच वर्गात होती. "मॅडम, मंडळीत रोज पाळकांसाठी प्रार्थना होते. तिच्यासाठी एकदाही झाली नाही. मीही केली नाही." आणि पहिल्यांदा त्यांना राग आला, मोठ्याने, टेबलावर हात आपटून. मी त्यांना थांबवलं नाही. त्या रागात देवाविरुद्ध काहीही नव्हतं. इतके दिवस ज्याला ते विश्वासाचा अंत समजत होते, तो त्यांच्या विश्वासातूनच उठलेला राग होता.

मला तिथे जे उमगलं ते मी आता प्रत्येकाला सांगते. दावीद राजाने उरिया या आपल्या सैनिकाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत मारवलं. त्यानंतरचा दाविदाचा पश्चात्ताप सगळ्यांना पाठ असतो. 'तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं' ही त्या एक्कावन्नाव्या स्तोत्रातली ओळ तर पडलेल्या पुढाऱ्यांच्या तोंडी हमखास येते. पण त्याआधी नाथान संदेष्टा येतो, आणि तो प्रकरण देव आणि दावीद यांच्यापुरतं राहू देत नाही. तो उरियाचं नाव घेतो. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ लिहिली तेव्हाही दाविदाचा मुलगा शलमोन याची आई 'उरियाची बायको' अशीच नोंदली. क्षमा मिळालेल्या राजाच्या वंशावळीतही ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव राहिलं.

तुमच्यापुढे असा प्रसंग असेल तर आधी हे बघा की ज्याला इजा झाली तो माणूस कुठे आहे, त्याच्याजवळ कोण आहे. तो अल्पवयीन असेल तर पंचांची बैठक नंतर. आधी पोलीस आणि बालसंरक्षण यंत्रणा. प्रौढ असेल तरी 'दोघांच्या मर्जीने झालं' हे सहज म्हणू नका. मनातलं सगळं सांगायला आलेली व्यक्ती आणि ते ऐकणारा पाळक यांचं वजन सारखं नसतं.

'अभिषिक्ताला हात लावू नका' म्हणून तुम्हाला गप्प केलं जाईल. आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजावर दाविदाने, तो देवाचा अभिषिक्त म्हणून, तलवार उचलली नाही हे खरं, पण गुहेतून बाहेर येऊन त्याने सैन्यासमोर शौलाला त्याचा अन्याय सुनावला. दोन-तीन साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडीलधाऱ्यांवरचा आरोप ऐकू नये, हे बायबलचं वचनही पुढे केलं जाईल. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या त्याच पत्रात लगेच पुढच्या वचनात, पाप करत राहणाऱ्या अशा वडीलधाऱ्यांना सगळ्यांदेखत दोष द्यावा असं आहे, हे मात्र क्वचितच वाचलं जातं. पश्चात्ताप करणाऱ्याला मंडळीत जागा असावी, यावर माझा ठाम विश्वास आहे. व्यासपीठ ही वेगळी गोष्ट. ते कुणाचा हक्क नाही आणि रडण्याने परत मिळवायचं तर नाहीच.

त्या गृहस्थांनी सही केली नाही. पंचांच्या बैठकीत त्यांनी बाहेरच्या माणसांकडून चौकशीची मागणी केली. दोन जुने मित्र तुटले. बायकोशी मात्र बोलणं पुन्हा सुरू झालं. पाळकांना क्षमा केली का, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "अजून नाही. पण प्रभुभोजन घेतो."

त्यांनी त्या मुलीला भेटायचा निरोप पाठवला. तिने नकार दिला. तो नकार त्यांनी मंडळीत कुणाला सांगितला नाही, दुसरा निरोपही धाडला नाही. तिच्या उपचारांचा खर्च मंडळीने कोणतीही अट न घालता द्यावा, असा ठराव मात्र त्यांनी पंचांकडून मंजूर करून घेतला.