आधी ती वही परत द्या

एका बाबांचं पत्र आलंय. मुलगा अकरावी सायन्सला, दहावीला ७४ टक्के, दिवसभर ट्रेनच्या इंजिनांचे व्हिडिओ बघतो, चित्रं काढतो. शेवटी चित्रांची वही कपाटात कुलूप लावून ठेवली. विचारतात, 'डिझेल इंजिन आता संपत आलं, मग या नादातून काढून याला कॉम्प्युटरकडे कसं वळवू?'

साहेब, ७४ टक्क्यांचं मला काही वाटलं नाही, कुलपाचं वाटलं. 'बघा हा टाइमपास' म्हणून तुम्ही वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवलाय, तो मी दोनदा झूम करून बघितला. डिझेल इंजिनाच्या छतावरचे पंखे काढलेत आणि बाजूला पेन्सिलने लिहिलंय, 'ब्रेक लावताना हे का फिरतात?' अहो, हा टाइमपास नाही, एकदम नेमका प्रश्न आहे! उतारावर ब्रेक लावताना चाकांवरच्या मोटरी उलट जनरेटरचं काम करतात, त्यात गाडीचा वेग कमी होतो आणि तयार झालेली वीज मोठमोठ्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते, ती उष्णता बाहेर फेकायला ते पंखे. त्याला सांगा, किंवा हे वाचायला द्या.

आता तुमचा गैरसमज. डिझेल इंजिन म्हणजे रुळावरचा ट्रक नाही. बहुतेक मोठ्या लोकोमध्ये, म्हणजे गाडी ओढणाऱ्या अख्ख्या डब्यात, आतलं डिझेलवर चालणारं इंजिन चाकं फिरवतच नाही, ते अल्टरनेटर फिरवतं, त्यातून वीज होते आणि ती ॲक्सलवरच्या ट्रॅक्शन मोटरला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या मोटरला जाते, कारण हजारो टनांची गाडी जागची हलवायची तर क्लच-गिअरबॉक्सचं काही खरं नाही, मोटर मात्र शून्य स्पीडपासूनच पूर्ण जोर लावते. इलेक्ट्रिक लोकोमध्ये वीज आत तयार होत नाही, वरच्या वायरीतून पेंटोग्राफने, म्हणजे वायरीला टेकणाऱ्या छतावरच्या दांड्याने घेतात, बऱ्याच ठिकाणी २५,००० व्होल्टची, मग ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर आणि पुढे परत मोटरच. उद्या बॅटरी आली, हायड्रोजन आला तरी चाक मोटरच फिरवणार. म्हणजे डिझेल गेलं तरी पोराचा विषय कुठे जातोय?

आणि कॉम्प्युटर म्हणाल तर तो इंजिनातच बसलाय. स्टीलचं चाक स्टीलच्या रुळावर, पाऊस पडला की घसरतं, तेव्हा कुठलं चाक जास्त फिरतंय ते ओळखून मोटरचा जोर तिथल्या तिथे कमी करायचं काम सॉफ्टवेअर करतं. तुम्ही दोन टोकं धरून भांडताय, पोरगा मधेच उभा आहे.

रस्ता नेहमीचाच, बारावीनंतर इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स. 'इंजिन ड्रायव्हर होणार का?' हे तुम्ही टोमण्यासारखं लिहिलंय ते आवडलं नाही, ती जबाबदारीची नोकरी आहे, पण याचा प्रश्न गाडी चालवण्याचा दिसत नाही, ती आतून कशी चालते याचा दिसतोय.

त्याला मॅथ्समध्ये किती मार्क पडले ते मात्र तुम्ही लिहिलंच नाही, आणि या लाइनला मला तेच बघायचंय. वही द्या त्याला, आणि पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या, मार्कांसकट.