ट्रायलनंतर फोन येत नाही तेव्हा

"मॅडम, इंटरव्ह्यू झाला, किचनमध्ये ट्रायल झाली, शेफ 'छान' म्हणाले, 'एचआर कळवेल' म्हणाले. पुढे काहीच नाही." समुपदेशनाच्या कामात हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलांकडून हे मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. गोव्यातली हॉटेलं ऑक्टोबरपासूनच्या सीझनसाठी माणसं भरू लागली की जास्तच. त्यातल्या एकाची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सिंधुदुर्गातला, वय चोवीस. पुण्यातल्या एका रेस्टॉरंटमध्ये कॉमी, म्हणजे शेफच्या हाताखालचा कनिष्ठ स्वयंपाकी, म्हणून काम केलेलं, कॉन्टिनेंटलवर हात बसलेला. गोव्याच्या एका हॉटेलात स्वखर्चाने ट्रायलला गेला, दिवसभर राबला. त्यानंतर तीन आठवडे शांतता. झोप उडाली, फोन सतत उशाशी. आईने जेवायला हाक मारली तरी खेकसायचा.

"त्यांनी मला माणसात धरलंच नाही," तो म्हणाला.

"असं ते म्हणाले?"

"म्हणायला कशाला हवं? गप्प बसले, त्यातच आलं सगळं."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ विचारांची वाट मला मनापासून पटते. घडलं त्यापेक्षा त्याचा आपण लावलेला अर्थ आपल्याला जास्त छळतो, हे तिचं मर्म. पण दुखावलेल्या मुलापुढे हे नुसतं सांगून भागत नाही. त्याचं त्यालाच दिसावं लागतं, आणि तोवर थांबायची माझी तयारी असते.

पुढच्या एका भेटीत तो सहज बोलून गेला की मागच्या वर्षी कोल्हापूरच्या एका हॉटेलची ऑफर त्याने घेतली होती. जॉइनिंगच्या दिवशी गेलाच नाही.

"त्यांना काय कळवलंस?"

"काहीच नाही. त्यांचे फोन आले, मी उचलले नाहीत."

"ते हॉटेल तुला फालतू वाटत होतं?"

"छे! शेफ फार चांगले होते. म्हणून तर लाज वाटली. काय बोलू, तेच सुचेना."

मी काही बोलले नाही. तो बराच वेळ हाताच्या नखांकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे गोव्यातल्या त्या एचआरलाही सुचत नसेल?"

मला जे पोचवायचं होतं ते त्यानेच उच्चारलं. अशा क्षणांसाठीच मी हे काम करते. नोकरीच्या बाजारातलं मौन बहुतेक वेळा तुच्छतेतून नव्हे, संकोचातून येतं, हे मला दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोलून उमगलं आहे. शेफला मुलगा आवडतो, पण जागेची मंजुरी वर अडकते. किंवा पहिल्या पसंतीचा उमेदवार हो-नाही करत असतो आणि दुसऱ्याला लटकत ठेवलं जातं. नकार सांगणं जिवावर येतं, म्हणून फोन राहतो.

कारण समजलं म्हणून वागणं माफ होत नाही, हेही ठामपणे सांगते. ज्याने तुमच्या किचनमध्ये दिवस घालवला, त्याला दोन ओळींचं उत्तर मिळालंच पाहिजे. "आपली निवड झाली नाही, वेळ दिल्याबद्दल आभार." निर्णय लांबला असेल तर "अजून ठरलेलं नाही" एवढं कळवा. ज्या हॉटेलात पाहुण्याला क्षणभरही ताटकळत ठेवत नाहीत, तिथे हे अवघड नाही.

मुलांनी ट्रायल संपताच विचारावं, "निर्णय कधीपर्यंत कळेल? कुणाला फोन करू?" ती तारीख उलटली की एक नम्र मेसेज, आठवड्याने आणखी एक. त्यानंतर ती जागा मनातून सोडून पुढचे अर्ज करावेत. एका फोनची वाट पाहत बाकीची दारं बंद ठेवू नयेत.

त्याने कोल्हापूरच्या शेफना फोन केला. ते आधी रागावले, मग म्हणाले, "उशिरा का होईना, सांगितलंस." गोव्याहून उत्तर आलंच नाही. तो मात्र झोपू लागला आणि पुन्हा अर्ज करू लागला.

ऑफर नाकारायची असेल तर ठरवल्या दिवशीच कळवा, मोठी सबब न देता. जॉइनिंगच्या आधी कळलं तर हॉटेलला दुसऱ्या उमेदवाराला बोलावता येतं. नाही तर रोस्टरवर तुमच्या नावाची ड्यूटी लागलेली असते, आणि आधीच दमलेल्या एखाद्या कॉमीला डबल शिफ्ट करावी लागते.