‘ठळक’ की ‘ठसठशीत’?

‘शॉक’ या फ्रेंच टाइपाचे (म्हणजे छपाईच्या एका वळणाच्या अक्षरसंचाचे) वर्णन मराठीत ‘कुंचल्याने काढलेला ठळक टाइप’ असे करावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते या वर्णनातील दोन शब्द बदलायला हवेत.

‘ठळक’ हा तुलनेचा शब्द आहे. ठळक बातम्या म्हणजे बाकीच्या बातम्यांतून वर काढलेल्या बातम्या, आणि छापखान्यातला ठळक टाइप म्हणजे शेजारच्या साध्या टाइपाचेच अंग भरलेले रूप. ‘ठसठशीत’ला असा शेजार लागत नाही, कपाळावरचे कुंकू किंवा नाकातली नथ ठसठशीत दिसते ती स्वतःच्याच भरीवपणामुळे. रॉजे एक्सकोफों या फ्रेंच अक्षररचनाकारांनी मार्सेयच्या ओलिव्ह या टाइप ओतणाऱ्या कारखान्यासाठी 1955 मध्ये केलेला शॉक याच जातीचा आहे. दोन वर्षे आधीच्या त्यांच्या ‘मिस्त्राल’ या टाइपातली अक्षरे एकमेकांना जोडत धावतात. शॉकची अक्षरे मात्र सुटी, जाडजूड आणि फटकाऱ्यानिशी थांबणारी आहेत. कुंचल्याच्या अशा रेघेला आपल्याकडे ‘फटकारा’ हा फार चांगला शब्द आहे, आणि तो इथे वापरण्याचा मोह मला आवरत नाही. (फ्रेंचमध्ये ‘शॉक’ म्हणजे धक्का, विजेचा शॉक बसतो तो याच घराण्यातला.)

दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची आहे. ‘कुंचल्याने काढलेला’ म्हटले की प्रत्येक अक्षर त्या त्या जागेसाठी नव्याने रंगवले आहे असे वाटते. कमल शेडगे मराठी नाटकांची शीर्षके करत, ते तसे काम होते. नाटकागणिक अक्षर वेगळे, आणि त्याला ‘अक्षरांकन’ म्हणणेच योग्य. टाइपाचे मूळ रेखाटन कुंचल्याचे असले, तरी एकदा साचा झाला की तीच मुद्रा पुन्हा पुन्हा उमटते. सफरचंदाला फ्रेंचमध्ये ‘पोम’ म्हणतात आणि त्याच्या लेखनात ‘एम’ हे अक्षर लागोपाठ दोनदा येते. पाटी रंगवणाऱ्या पेंटरच्या हातून ते दोन्ही ‘एम’ तंतोतंत सारखे उतरणार नाहीत, छपाईच्या धातूच्या खिळ्यांत (एकेका अक्षराच्या ओतीव तुकड्यांत) मात्र उतरतात, आणि जाणकाराच्या नजरेला खरी पाटी नि टाइपाची पाटी यांतला फरक तिथेच कळतो. म्हणून ‘कुंचल्याच्या वळणाचा’ असे लिहावे.

उपयोगाबद्दल लिहिताना ‘मथळ्याचा टाइप’ हा रुळलेला शब्द पुरेसा आहे. फ्रान्समध्ये दुकानांच्या पाट्यांवर शॉक भरपूर दिसतो, कारण दोन-तीन शब्द रस्त्यापलीकडून वाचता यावेत एवढीच तिथे अपेक्षा असते. हाच टाइप दहा पॉइंटात, म्हणजे पुस्तकातल्या मजकुराएवढ्या बारीक आकारात, परिच्छेदभर लावला, तर अक्षरांच्या पोटातली पोकळी बुजते आणि पानावर नुसते काळे डाग उरतात. तेव्हा पूर्ण वर्णन ‘कुंचल्याच्या वळणाचा, ठसठशीत, मथळ्याचा टाइप’ असे होईल. ‘ठळक’ हा शब्द, त्याच टाइपाचे बारीक रूप शेजारी छापलेले असेल तेव्हासाठी राखून ठेवावा.