गच्चीवरची भुताची गोष्ट

चि. ओवी, अनेक आशीर्वाद.

भुतं नसतात म्हणता, मग आपल्याकडे मुलांना त्यांच्या गोष्टी का सांगतात, असं तू विचारलंयस. शनिवारी गिरगावच्या गच्चीवर तुलाच गोष्ट सांगायची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

भीतीने छातीत धडधडतं, अंगावर काटा येतो. पण मैत्रीण खेटून बसलेली असते, खालून कुकरची शिट्टी ऐकू येते. म्हणून ती धडधड हवीशी वाटते. शिवाय आपल्या भुतांना नियम असतात. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधीच वारलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. हडळीची पावलं उलटी. कोकणातला चकवा दिसतच नाही, नुसती वाट चुकवतो; माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. अशा वेळी उजाडेपर्यंत बसून राहायचं. नियम ठाऊक असलेल्या पोराला गोष्टीतल्या माणसाआधी धोका कळतो. ‘अरे, तिचे पाय बघ ना!’ असं ओरडावंसं वाटतं ना, खरी गंमत तीच.

शनिवारी चकवाच घे. दहा मिनिटं पुरेत. पहिली तीन मिनिटं भूत नकोच: शेवटची लोकल, चर्नी रोड, चाळीचा लाकडी जिना, दुसऱ्या मजल्यावरची फुटकी कुंडी. चकव्याचा नियम इथेच, कुणा आजीच्या तोंडून, सहज एकदा. मग माणूस जिना चढतो. कुंडी. अजून चढतो, पुन्हा कुंडी. त्याला वाटतं, मजले मोजायला चुकलो. तिसऱ्यांदा तीच कुंडी, आणि आता माती ओली. इथे थांब, मनात पाचपर्यंत मोज. आवाज चढवू नकोस, उतरव. सगळे आपोआप पुढे सरकतात.

गोष्ट फसते ती भूत लवकर दाखवल्यामुळे. रक्त, सुळे सांगितलेस की मोठी हसतात, धाकटी रडतात, आणि ज्याने त्याने मनात उभं केलेलं भूत पुसलं जातं. एकदम ‘भॉक’ केलंस तर दचकतील, पण पुढचं कुणी ऐकणार नाही. पहिलीपर्यंतची पोरं असली तर त्या माणसाला पायरीवर बसव, पहाटे दूधवाला येऊ दे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा मोठ्यांसाठी आहेत. त्या तू आठवी-नववीत वाच.

आपल्या चाळीतली खोली किंवा वारलेल्या शेजाऱ्याचं नाव मात्र गोष्टीत अजिबात घालू नकोस. संडास गॅलरीच्या टोकाला आहे, पोरं रात्री एकटी जाणार नाहीत.

तुझा,
बाबा